तीन पंक्चर, तीन जागा

६ फेब्रुवारी

मावशे,

लागली गं, लागली! नोकरी लागली! फोनवरच ओरडून सांगणार होते, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस. म्हणून पत्र.

कवळ्या बनवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे नुसत्या तीन खोल्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, गुलाबी लगद्यात. ते माप ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून, मी सायकलवरून इथे आणते. इथे त्यात प्लास्टर ओततात, की झाला जबड्याचा साचा तयार. काल माझ्या पिशवीत सात जणांचे जबडे होते मावशे, आणि रस्ताभर एकानेही तोंड उघडलं नाही!

पण खरी गंमत पुढेच आहे. कारखान्याच्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सहा आठवडे फेऱ्या मार. चौदा मार्चपर्यंत नीट पार पडलीस तर कामाच्या टेबलाशी बसवतो, दात घडवायला शिकवतो. पण तीनदा उशीर झाला की फेरीचं काम बंद." माप पाऊण तासात ओतलं नाही तर आकसतं, मग त्या बिचाऱ्या पेशंटला पुन्हा आ वासून बसावं लागतं, म्हणून एवढं कडक. इथे एक चष्मेवाले काका आहेत, ते मेणातून दाढ कोरत होते. दाढेवरच्या खाचासुद्धा! मी हातात डबा धरून तशीच उभी राहिले. मला ते टेबल हवंच आहे मावशे. इतकं मला आजवर काहीच हवं वाटलं नव्हतं.

आता वाईट बातमी. आज मागचं चाक बसलं आणि पहिला उशीर झाला. घरी येऊन मीच ठिगळ लावलं. चाळीस वर्षं पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या बाईची भाची आहे म्हटलं! भोक वॉल्व्हपासून नऊ बोटांवर होतं. टायरमध्ये हात फिरवला, काही लागलं नाही. तू दिलेली सायकल तिसऱ्या मजल्यावर माझ्या खोलीतच असते. मालकीणबाईंची अट एकच, चाकं जिन्यात शिरण्याआधी स्वच्छ धुतलेली हवीत. तेव्हा मी रोज संध्याकाळी खाली नळावर तिला आंघोळ घालते.

काही सांगायचं असेल तर लगेच लिही.

तुझी भिंगरी

१० फेब्रुवारी

भिंगरे,

नोकरीचं वाचून बरं वाटलं. शेजारणीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "जबडे? कुणाचे जबडे?" आणि घरी पळाली. परत आली की सांगेन नीट.

आता कामाचं. हात फिरवला म्हणतेस, तो कसा फिरवलास? बोटांना समजत नाही सगळं. कापसाचा बोळा घे आणि टायरच्या आतून फिरव. जिथे कापूस अडकेल तिथे काटा. ठिगळ लावल्यावर ट्यूब पाण्यात बुडवून बघितलीस का? नसशील. तू लहानपणापासून उतावळीच. पी हळद आणि हो गोरी.

दुसरं. टायरवर कंपनीचं नाव असतं. ते नेहमी वॉल्व्हच्या समोर येईल असाच टायर बसवायचा. मग ट्यूबला भोक नऊ बोटांवर सापडलं, की टायरमध्येही नाव धरून नऊ बोटांवर शोधायचं. माझ्या दुकानात हे शिकल्याशिवाय कुणी पान्याला हात लावला नाही. आणि टायरची एकच बाजू काढायची, दुसरी रिममध्ये राहू दे.

हवा. मागच्या चाकात जास्त, पुढच्यात थोडी कमी. अंगठ्याने दाबून बघ, जेमतेम दबला पाहिजे. कमी हवेवर खड्ड्यातून गेलीस की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तसं झालं तर समज, रस्त्याला दोष देऊ नकोस.

घरात कुठे ठेवतेस? खिडकीत नको, उन्हाने रबर तडकतं. पाण्याच्या मोटारीजवळ तर अजिबात नको, तिथेही रबर लवकर मरतं. भिंतीला दणकट आकडा मार, त्याला जुनी ट्यूब गुंडाळ म्हणजे रिम घासणार नाही, आणि पुढचं चाक वर करून टांग. मागे पुठ्ठा लाव, नाहीतर मालकीणबाई तुलाच टांगतील.

एक उशीर झालाय, दोन उरलेत असं समजू नकोस. एकही उरला नाही असं समजून चालव.

मावशी

१७ फेब्रुवारी

मावशे,

आकडा मारला! मालकीणबाई आधी "माझी भिंत, माझी भिंत" करत आल्या, मग सायकल टांगलेली बघून म्हणाल्या, "अगं, ही तर देखणी दिसते!" आता येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या खोलीत आणून दाखवतात. परवा दूधवाल्यालासुद्धा आणलं होतं.

कारखान्यात तर काय सांगू! चष्मेवाले काका फावल्या वेळात मला साचे बघायला देतात. म्हणाले, "साचा उलटा वाचायचा असतो. मापात जो उंचवटा, तो साच्यात खड्डा. मापात खड्डा, तर साच्यात दात." मी आता एकेक जबडा हातात घेऊन सांगते, हा माणूस उजवीकडूनच चावतो, ह्याची अक्कलदाढ आडवी आलीय. काका म्हणतात, डोळा आहे तुला. मावशे, मला डोळा आहे!

आणि... पुन्हा पंक्चर झालं. मागचंच चाक. दुसरा उशीर. मास्तरांनी भिंतीवरच्या फळ्यावर माझ्या नावापुढे दुसरी रेघ ओढली. त्या रेघेने माझी झोप उडवली आहे. ह्यावेळी भोक नऊ बोटांवर नव्हतं, जवळजवळ समोरच्या टोकाला होतं. कापसाचा बोळा फिरवला, कुठेही अडकला नाही. देवाशपथ फिरवला. ठिगळ लावून पाण्यात बुडवूनही पाहिलं, एक बुडबुडा नाही.

हे काय चाललंय? तूच सांग.

भिंगरी

२१ फेब्रुवारी

भिंगरे,

घाबरू नकोस. भोकं दोन वेगळ्या जागी आहेत ना, मग टायरमध्ये काही अडकलेलं नाही. अडकलेलं असतं तर एकाच जागी टोचलं असतं. हे रस्त्याचं काम. तुझ्या वाटेवर कुठे घर पाडतायत, लोखंड तोडतायत का? असेल तर वाट बदल. पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील, त्या हिशेबाने पाच मिनिटं आधी नीघ. चाळीस वर्षं भोकं वाचलीत मी, हे डोळे मिटून सांगते.

आणखी एक. ट्यूब जुनी आहे, टायरला आतून चिकटत असेल. चिकटली की ताणते, ताणली की फाटते. दुकानात मी ट्यूब बसवण्याआधी तिला पांढरी पावडर चोळायचे, आठवतं का? कोपऱ्यातल्या डब्यातली. तू त्यात हात घालून तोंडाला फासायचीस आणि गिऱ्हाइकांना घाबरवायचीस. तशी पावडर मिळव आणि सढळ हाताने चोळ. ट्यूब आत सुळसुळ फिरली पाहिजे.

तुला डोळा आहे म्हणे. आमच्या घराण्यात तो बायकांनाच असतो. तुझ्या मामाला अजून पुढचं चाक कुठलं, मागचं कुठलं ते विचारावं लागतं.

तीन आठवडे उरले. दम धर.

मावशी

२७ फेब्रुवारी

मावशे, मावशे, मावशे!

तुझी पावडर म्हणजे जादू आहे! वाट बदलली, पावडर चोळली, आणि तीन दिवस चाक असं पळतंय की मागून वारा ढकलतोय असं वाटतं. आज मी एकोणीस मिनिटांत पोहोचले. एकोणीस! चष्मेवाल्या काकांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, चालतंय ना म्हणून.

पावडर शोधायला लांब जावंच लागलं नाही. पांढऱ्या पावडरचं आमच्याकडे काय, पोत्याने पडलेली असते. फाटक्या पोत्यातली सांडलेली झाडून बाहेर टाकणार होते, ती विचारून घेतली. अगदी मऊ, पिठासारखी. तू म्हणालीस तशी सढळ हाताने चोळली. सायकलची आंघोळही चुकवत नाही हं, रोज दोन तांबे मागच्या चाकावर, दोन पुढच्या. मालकीणबाई वरून बघत असतात.

पंधरा दिवस राहिले फक्त. मास्तर आज जाता जाता म्हणाले, "टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी आहे." एवढंच म्हणाले आणि गेले. मी जिना उतरताना दोनदा पायऱ्या चुकले.

तुझी, वाऱ्यावर असलेली,
भिंगरी

५ मार्च

मावशे,

सोबत ट्यूब पाठवत आहे. हिला काय झालंय ते बघून सांगशील? सवडीने सांग, घाई नाही. इकडे सगळं ठीक आहे. मास्तर बाहेरगावी गेलेत, अकरा तारखेला येतील. तुझी तब्येत कशी आहे?

भिंगरी

७ मार्च

अगं बये,

घाई नाही म्हणे! भिंगरीने "सवडीने" लिहिलं तेव्हाच मी कपाळाला हात लावला. ट्यूब माझ्या मांडीवर आहे, मग तिथे तू चालवतेस काय? पायी पळतेयस. म्हणजे तिसरा उशीर होऊन गेला, आणि मास्तर परत आले की तिसरी रेघ ओढणार. खरं की नाही? चोराच्या मनात चांदणं, तसं तुझ्या पत्रात चांदणं पडलंय.

ट्यूब उघडली आणि कागदावर पांढरे खडे पडले. हातात घेऊन चुरगाळले, चुरगाळेनात. दाताखाली धरला, दात गेला असता! शेजारीण म्हणाली, "हे तर प्लास्टर." मग तुझं मागचं पत्र पुन्हा काढलं. पोत्याने पडलेली पांढरी पावडर! अगं शहाणे, माझ्या डब्यात असायची ती टाल्कम! अंगाला लावायची असते तसली. तू टायरमध्ये प्लास्टर भरलंस आणि वर रोज संध्याकाळी दोन तांबे पाणी ओतलंस. पाणी स्पोकच्या भोकांतून आत जातं, वॉल्व्हच्या कडेने जातं. प्लास्टर घट्ट झालं, त्याचे तुकडे पडले, आणि तू धावलीस तसतसे ते ट्यूब घासत राहिले. चाळणी झालीय हिची. पीठ चाळायला ठेवून घेते.

रागावलेय. पण तुझ्यावर निम्मीच. "पांढरी पावडर" म्हणून मोकळी झाले, नाव सांगायला काय झालं होतं मला?

आता ऐक. नवी ट्यूब घातली नसशील तर घालू नकोस. टायर पूर्ण काढ, आतलं प्लास्टर कोरडंच सोलून काढ, ब्रशने झाड, मग नवी ट्यूब. आणि मास्तर आले की त्यांनी विचारायच्या आत तू होऊन सगळं सांग. लपवलेलं पंक्चर रस्त्यात फुटतंच. खुर्ची गेली तर गेली, पण खोटं बोलून मिळालेल्या खुर्चीवर तुला बसवणार नाही मी.

मावशी

११ मार्च

मावशे,

घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच. आणि मधलं सोडून शेवटाकडे जाऊ नकोस, सांगून ठेवते!

हो, तिसरा उशीर झाला होता. चार तारखेला. भर चौकात चाक बसलं आणि मी पाठीवर चार जबडे घेऊन धावत सुटले. दोन मापं आकसली. तुला सांगायची लाज वाटली. चष्मेवाल्या काकांनी मास्तर नसताना रेघ ओढायला नकार दिला, म्हणून अकरा तारखेपर्यंत जीव टांगणीला.

तुझं पत्र काल आलं. वाचून आधी रडले, मग शेजारणीवर आणि चाळणीवर हसले, मग टायर मांडीवर घेऊन बसले. आतून प्लास्टर सोलायला लागले तर त्याची सालं निघाली. एक तुकडा तळहाताएवढा अख्खा निघाला, वाकडा, अंड्याच्या कवचासारखा. फेकणारच होते. पण सवय लागलीय ना, साचा दिसला की खिडकीशी नेऊन बघायचं. बघितलं. त्यावर टायरच्या आतल्या दोऱ्यांची वीण जशीच्या तशी उठली होती. आणि मधोमध एक बारीक भोक. सुईने पाडल्यासारखं, गोल.

मावशे, साचा उलटा वाचायचा असतो! साच्यात खड्डा, म्हणजे टायरमध्ये तिथे काहीतरी उभं आहे!

तुकडा होता तिथे परत बसवला, वीण विणीत बरोब्बर बसली. भोकाच्या जागी पेनाने खूण केली. कापूस फिरवला, काही नाही. मग खुणेच्या जागी बाहेरून अंगठ्याने जोरात दाबलं, जसं माझं वजन दाबत असेल तसं. आणि आली बाहेर! तार! केसाएवढी, पोलादी, नखाच्या कोरीएवढी लांब. अंगठा काढला की आत गडप. दाबला की वर. मी अशी किंचाळले की मालकीणबाई लाटणं घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं चोर.

आता मी लपवलेली गोष्ट. टायरवरचं कंपनीचं नाव कधीच झिजून गेलंय. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस खडूने खूण कर, आणि मला धीर नव्हता. शिवाय मालकीणबाईंच्या धाकाने मी दरवेळी टायर पूर्ण काढून धूत होते आणि हवा तसा बसवत होते. म्हणून भोकं वेगवेगळ्या जागी. तार पहिल्या दिवसापासून एकच होती.

आज सकाळी मास्तर आले. मी टायर गळ्यात अडकवून समोर उभी राहिले, दुसरं काही सुचलंच नाही. त्यांनी विचारायच्या आत सगळं सांगितलं. उशीर, आकसलेली दोन मापं, प्लास्टर, पाणी, सगळं. चष्मेवाले काका तोंडात रुमाल कोंबून हसत होते. मास्तर हसले नाहीत. त्यांनी तो तुकडा घेतला, भिंगाखाली धरला, टायर मागितला, दाबून तार वर आणली, सोडली, पुन्हा वर आणली. किती वेळ तेच.

"हा साचा कुणी काढला?"

"कुणी नाही मास्तर, आपोआप झाला."

"साचे आपोआप होतात. वाचला कुणी?"

"मी."

मग ते उठले, फळ्यापाशी गेले आणि तिसरी रेघ ओढली. म्हणाले, "नियम म्हणजे नियम. तीन उशीर, फेरीचं काम बंद." मी हो म्हणाले. टायर उचलला आणि दाराशी गेले.

मागून म्हणाले, "फेरीचं बंद म्हटलं मी. टेबलाचं कुठे काय म्हटलं? उद्या नऊला ये. केस बांधून ये, मेणात पडतात."

मी परत वळले आणि चष्मेवाल्या काकांच्या गळ्यातच पडले! मास्तरांच्या पडायचं धाडस झालं नाही. ते तेवढ्यात खाकरून म्हणाले, "नवा माणूस मिळेपर्यंत फेऱ्या मला माराव्या लागतील. सायकल दुरुस्त झाली की आणून दे. पण खरं सांग, त्या टायरमध्ये आता काही उरलं नाही ना?"

उद्या नऊला, मावशे! मी टेबलाशी!

भिंगरी

१५ मार्च

भिंगरे,

तू सांगितलं होतंस, तरी आधी शेवटच वाचला. मग सुरुवातीपासून वाचलं. मग शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवलं, ती रडली आणि म्हणाली, "तूही रडतेयस." कांदा चिरत होते, असं सांगितलं तिला. कांदा घरात नव्हता.

आधी माझं सांगते. ट्यूब पुन्हा काढून उजेडात धरली. प्लास्टरच्या ओरखड्यांत एक भोक वेगळं होतं, गोल, सुईचं. आधीच दिसायला हवं होतं. रागाच्या भरात बघितलंच नाही मी. आणि डोळे मिटून सांगते म्हणाले होते, खरंच मिटूनच सांगितलं. चाळीस वर्षं मी भोकं बोटांनी शोधली, भोकाचा साचा काढून वाचावा हे मला कधी सुचलं नाही. तुला सुचलं.

मास्तरांना निरोप दे. तार चिमट्याने बाहेरून उपटा, आत ठिगळ लावा, आणि टायर इतका जुना असेल तर सरळ नवा घ्या, कंजूषपणा करू नका. त्यांचं वजन तुझ्यापेक्षा जास्त असणार, तेव्हा मागे हवा जरा जास्त. सायकल परत आली की आकड्याला टांगून विसरू नकोस. हवा उतरून आठवडेच्या आठवडे तशीच राहिली तर टायर घडीवर तडकतो. पंधरा दिवसांनी हवा भर, चाक थोडं फिरवून ठेव. आणि आंघोळ बंद! ओल्या फडक्याने पूस.

आता शेवटचं, ते शेजारणीला वाचून दाखवलेलं नाही. मला कुणी कधी खुर्ची दिली नाही गं. मी रस्त्याच्या कडेला, गोणपाटावर बसून शिकले, आणि गुडघे तिथेच गेले. कुणी विचारलं तर म्हणायचे, मला खालीच बरं वाटतं. बरं वाटत नव्हतं. उद्यापासून रोज सकाळी नऊ वाजता तू खुर्चीत बसशील तेव्हा मी इथे चहाचा कप घेऊन सरळ बसणार आहे, तुझ्याबरोबर.

पाठ ताठ ठेव.

मावशी